माणूस जोखताना हृदयाकडे कसे पाहावे: ख्रिस्ती घरासाठी आणि मंडळीसाठी काही सूचना

मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील वचन आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच पाठ केलेले असते. तरीही मंडळीचे वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) निवडताना, मुलीसाठी स्थळ पाहताना किंवा नाताळच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्च्यांवर कोणाला बसवायचे हे ठरवताना आपण नेमके तेच करतो, जे करू नये म्हणून ते वचन सांगितले गेले. म्हणून या लेखात त्या वचनाचा गौरव करण्यापेक्षा ते व्यवहारात कसे आणावे, एवढाच विचार केला आहे. सूचना महाराष्ट्रातील मराठी मंडळ्या आणि ख्रिस्ती कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांना त्यांतील बऱ्याचशा लागू पडतील.

आधी एक गैरसमज दूर करावा

ते वचन ज्याला ऐकवले गेले तो शमुवेल अनुभवी संदेष्टा होता. साऱ्या इस्राएलात उंचीने उठून दिसणाऱ्या शौलाला राजा म्हणून अभिषेक त्यानेच केला होता आणि त्या राजाचे पुढे काय झाले हेही त्याने पाहिले होते. तरीसुद्धा नवा राजा निवडायला तो बेथलेहेमात गेला, तेव्हा इशायाचा थोरला मुलगा अलियाब समोर येताच हाच तो, असे त्याला वाटले. सात मुलगे एकामागून एक पुढून गेले, पण मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दावीदाला बोलावण्याचे घरातल्या कोणाला सुचलेही नव्हते. यातून एवढे तरी घ्यावे, की रूपावरून माणूस जोखण्याची सवय भक्तीने किंवा वयाने आपोआप सुटत नाही, आणि ती सोडवायची तर जाणीवपूर्वक काही पद्धत पाळावी लागते.

अलियाबाचा स्वभाव त्या दिवशी बेथलेहेमात कोणालाच दिसला नाही. तो दिसला पुढच्या अध्यायात, एला खोऱ्यातील छावणीत. बापाच्या सांगण्यावरून भावांसाठी हुरडा आणि दहा भाकरी घेऊन आलेल्या दावीदावर तो सर्वांदेखत संतापला आणि ती थोडीशी मेंढरे रानात कोणावर सोडून आलास, असे त्याने खडसावून विचारले. दावीद निघण्यापूर्वी मेंढरे एका राखणदाराच्या हवाली करून आला होता, ही नोंद शास्त्रलेखाने काही ओळी आधीच करून ठेवली आहे. धाकट्याने निघायच्या घाईतही सोपवलेले काम वाऱ्यावर सोडले नव्हते आणि थोरल्याने साधी चौकशी न करता आरोप केला. एवढ्याशा प्रसंगात दोघांचे शील उघडे पडते.

म्हणजे हृदयाकडे पाहण्यासाठी मनकवडे असण्याची गरज नाही. दुसऱ्याचे अंतःकरण थेट पाहणे हे परमेश्वराचे काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावे. आपल्याला वागणूक दिसते. ती कोणत्या जागी आणि किती काळ पाहायची, हे मात्र आपल्या हातात असते. सभेत, मंचावर आणि फोटोत दिसणारी वागणूक फारशी उपयोगाची नसते. लाभ नसताना, थकलेले असताना, खालच्या हुद्द्यावरील माणसाशी बोलताना जे दिसते ते टिपून ठेवावे. ‘माझे मन स्वच्छ आहे, देव जाणतो’ असे म्हणून आपली कठोर जीभ झाकणाऱ्यांनाही येथे सवलत नाही, कारण झाड फळांवरून ओळखावे असे प्रभूने सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट. त्याच सोळाव्या अध्यायात दावीदाचे डोळे सुंदर होते आणि तो देखणा होता, असेही लिहिले आहे. पुढे त्याचाच मुलगा अबशालोम तळपायापासून शेंडीपर्यंत निर्दोष रूपाचा होता आणि तो बापावर उलटला. रूप हा दोष नाही, पुरावाही नाही. देखण्या माणसाकडे संशयाने पाहणे ही बाहेरून जोखण्याचीच दुसरी तऱ्हा होय.

सुरुवात स्वतःपासून

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे कराव्यात असे येशू सांगतो. उपवास करणाऱ्याने डोक्याला तेल लावावे आणि तोंड धुवावे, इतक्या बारकाईने तो बोलतो. हा अध्याय सरावासाठी सर्वांत सोपा आहे, कारण त्यात काय करायचे हे स्पष्ट आहे. आपल्याकडे उपकारस्तुतीच्या अर्पणाची नावे व्यासपीठावरून वाचली जातात, बाकांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशा पाट्या असतात आणि काही ठिकाणी तर छताच्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले असते. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, हा भाग वेगळा. ही सारी रीत एका दिवसात बदलणार नाही. परंतु आपल्या वार्षिक अर्पणातील एक ठरावीक हिस्सा नावाशिवाय द्यायचा आणि तो दिल्याचे घरातही बोलून दाखवायचे नाही, एवढे प्रत्येकाला करता येते. न सांगता राहणे सुरुवातीला जितके जड जाईल, तितकी त्या सरावाची आपल्याला गरज होती असे समजावे.

आत्मपरीक्षणासाठी गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील आत्म्याच्या फळाची यादी घ्यावी: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊही गोष्टी एकदम हाती घेतल्या तर आठवड्याभरात वही बंद होते, म्हणून एका वेळी एकच घ्यावी, आणि ती कोणती हे स्वतः ठरवण्याऐवजी ज्यांना आपला त्रास होतो त्यांना विचारावे. पत्नीला किंवा पतीला, सासूला, हाताखालच्या कारकुनाला ‘माझ्या बोलण्यात काय टोचते?’ असा प्रश्न विचारून उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. रात्री झोपण्यापूर्वी स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी प्रार्थना म्हणून म्हणाव्यात. देवा, माझी झडती घे, हा त्यांचा आशय आहे. त्यानंतर दिवसातील एखादाच प्रसंग आठवावा. फार खोल उकरत बसले तर तोही एक प्रकारचा आरसा होऊन बसतो.

पैशाचा व्यवहार वेगळा तपासावा. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते, असे याकोबाने लिहिले आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार कोणत्या तारखेला दिला जातो, तिची रजा कशी मोजली जाते, उसने घेतलेले पैसे मागावे लागतात का, या प्रश्नांच्या उत्तरांतून अंतर्यामीचे जितके कळते तितके तासभराच्या साक्षीतूनही कळत नाही.

मंडळीचे सभासदत्व, ख्रिस्ती नाव, गळ्यातील क्रूस आणि बाप्तिस्म्याचा दाखला यादेखील बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीच आहेत, हे मान्य करणे आपल्याला सर्वांत कठीण जाते. पंडिता रमाबाईंनी ते मान्य केले होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच्या अनुभवाविषयी लिहून ठेवले. त्या वेळी त्या विदुषी म्हणून देशभर प्रसिद्ध होत्या, आणि असे लिहिण्याची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना आपल्याकडे आणले आणि पुणे जिल्ह्यातील केडगावला त्यांच्या राहण्याची, शिक्षणाची व्यवस्था उभी केली. त्यांचा विश्वास पाहायचा तर वाँटेजच्या नोंदवहीपेक्षा केडगावचे काम पाहावे, आणि आपल्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा.

कपडे, दागिने आणि रविवार

पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात केसांच्या गुंफणीपेक्षा, सोन्यापेक्षा आणि उंची वस्त्रांपेक्षा सौम्य व शांत आत्म्याची अविनाशी शोभा देवाच्या दृष्टीने बहुमोल आहे, असे म्हटले आहे. या ओळींचा उपयोग बहुधा स्त्रियांना दटावण्यासाठी केला जातो आणि दटावणारे पुरुष स्वतःच्या सुटाच्या कापडाविषयी मौन बाळगतात. पेत्राने येथे कपड्यांवर बंदी घातलेली नाही. शोभा कशाने येते हे सांगितले आहे. त्यामुळे साडीच्या रंगाचे, मंगळसूत्राच्या वजनाचे किंवा केस मोकळे सोडण्याचे नियम करत बसणे मला व्यर्थ वाटते. नियमांनी फार तर साधेपणा दिसू लागेल, आणि साधेपणाचेही प्रदर्शन करता येते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) आठवड्यातून दोनदा उपवास करत होता आणि उत्पन्नाचा दशांश देत होता. त्याचे शब्द खोटे नव्हते, पण ते उच्चारताना त्याची नजर शेजारच्या जकातदारावर होती.

येथे महाराष्ट्रातील मंडळ्यांनी आपला इतिहासही लक्षात ठेवला पाहिजे. नगर, जालना आणि आसपासच्या भागांतील मराठी मंडळ्यांचा मोठा भाग ज्या जातींतून आला, त्यांना गावगाड्यात चांगले वस्त्र ल्यायला आणि सोन्या-चांदीचे दागिने घालायला मज्जाव होता. ज्यांच्या आजोबांना नवे धोतर नेसून गावातून चालण्याची चोरी होती, त्यांच्या नातवंडांचे इस्त्री केलेले पांढरे शुभ्र रविवारचे कपडे म्हणजे डामडौल असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी तो इतिहास वाचावा. स्वच्छ आणि नीटनेटके राहण्यात सन्मान आहे. अंतःकरणाचे महत्त्व सांगणाऱ्या उपदेशाचा रोख ज्यांच्याकडे पुष्कळ आहे त्यांच्याकडे असावा, नुकतेच ज्यांच्या वाट्याला काही आले आहे त्यांच्याकडे नसावा.

मग कपड्यांबाबत ठरवायचे कसे? दोन प्रश्न पुरेसे आहेत. हे घेण्यासाठी कर्ज काढले का, किंवा कोणाचे देणे थकवले का? आणि आपल्या पेहरावामुळे दुसरे एखादे कुटुंब उपासनेला येण्यास संकोचते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाताळच्या आणि ईस्टरच्या सुमारास शोधावे, कारण नवे कपडे नाहीत म्हणून सणाच्याच दिवशी घरी राहणारी माणसे असतात. त्यांच्यासाठी मंडळीच्या सभेत साड्या वाटण्याचा समारंभ करणे हा सर्वांत वाईट उपाय होय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच एखाद्या समंजस स्त्रीने त्या घरी जाऊन पैसे किंवा कापड गुपचूप पोहोचवावे, म्हणजे शिंपी वेळेवर मिळतो आणि मूल सणाच्या दिवशी इतरांसारखेच दिसते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या किंवा दृढीकरणाच्या विधीसाठी धर्मग्रामाने (पॅरिशने) सर्व मुलांना एकच साधा पोशाख ठरवून दिला आणि शिलाईचा खर्च एकत्र केला, तर पालकांमधील स्पर्धा बरीच कमी होते.

खुर्च्या आणि स्वागत

सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा द्यायची आणि मळकट कपड्यांतील गरिबाला तिकडे उभा राहा म्हणायचे, हे चित्र याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात रंगवले, तेव्हा तो मंडळीतल्या सभेविषयीच बोलत होता. तपासणी सोपी आहे. उपासनेच्या वेळी दाराशी उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांनी महिनाभर एवढेच पाहावे, की अनोळखी माणसाचे नाव कोणी विचारले, कोणाला गीतपुस्तक हातात मिळाले आणि कोण चहा न घेता निघून गेले. नाताळच्या कार्यक्रमाला स्थानिक पुढारी येतात. त्यांचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत करण्यास हरकत नाही, परंतु त्यासाठी नेहमी पुढे बसणाऱ्या, ऐकू कमी येणाऱ्या वृद्ध स्त्रीला उठवू नये. राखीव खुर्च्या ठेवायच्याच असतील तर त्या वृद्धांसाठी, अपंगांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या आयांसाठी ठेवाव्यात. प्रीतिभोजनात वाढणाऱ्यांनी आळीपाळीने शेवटच्या पंक्तीत बसावे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला येणारे सधन लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना किती कडक शब्दांत लिहिले, ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पाहावे.

वडील, डीकन आणि विश्वस्त निवडताना

बाह्य रूपावर भाळण्याची किंमत मंडळीला सर्वांत जास्त येथे मोजावी लागते. आपल्याकडे निवडणुकीच्या सुमारास ज्यांची नावे पुढे येतात, त्यांच्यात चांगले इंग्रजी बोलणारा, मोठ्या पदावरून निवृत्त झालेला, भरघोस देणगी देणारा आणि ध्वनिक्षेपक हाती आल्यावर न अडखळता प्रार्थना करणारा असे चौघे हमखास असतात. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. परंतु पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाचे, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याचे, जे गुण सांगितले आहेत, त्यांत शिकवण्यातील निपुणता वगळली तर जवळजवळ सर्व गुण शीलाचे आहेत: नेमस्त, पाहुणचार करणारा, मद्यपी नसलेला, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभी नसलेला, आपल्या घराची नीट व्यवस्था ठेवणारा, नवशिका नसलेला, बाहेरच्या लोकांत ज्याचे नाव चांगले आहे असा.

ही यादी निवडणुकीच्या आदल्या रविवारी वाचून दाखवून भागत नाही. नावे निदान सहा महिने आधी सुचवली जावीत आणि त्या काळात प्रत्येक नावाची शांतपणे माहिती घ्यावी. ‘बाहेरच्या लोकांत चांगले नाव’ ही अट शब्दशः घ्यावी आणि पाळकाने किंवा दोन ज्येष्ठ सभासदांनी त्या व्यक्तीच्या शेजाऱ्यांशी, कार्यालयातील बिगरख्रिस्ती सहकाऱ्यांशी, वाण्याशी बोलून पाहावे. प्रश्न साधे असावेत. हा माणूस उधारी वेळेवर चुकवतो का? चूक झाल्यावर कबूल करतो का? भांडण झाल्यावर आधी कोण बोलतो? डीकनांची, म्हणजे मंडळीच्या सेवकांची, आधी पारख व्हावी असे त्याच अध्यायात म्हटले आहे, म्हणून नव्या माणसाला प्रथम ज्यात नाव होत नाही असे काम द्यावे: आजारी सभासदांना इस्पितळात भेटणे, दफनभूमीची देखरेख, हिशेबाच्या पावत्या लावणे. वर्षभर ते काम न कुरकुरता करणाऱ्याचे नाव पुढे न्यावे. वर्षभरात तो कंटाळला, तर तेही कळून येते आणि कोणाचाही अपमान होत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. कित्येक मंडळ्यांची मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते आणि शहरांतील जुन्या चर्चच्या जमिनींना आज मोठा भाव आहे. ज्याच्या सहीने ती जमीन भाड्याने जाऊ शकते किंवा विकसकाच्या हाती पडू शकते, त्या माणसाचा द्रव्यलोभ हा केवळ त्याचा आध्यात्मिक प्रश्न राहत नाही. विश्वस्ताच्या घरच्या राहणीमानात पद मिळाल्यानंतर काय बदल झाला, हे विचारण्याचा सभासदांना अधिकार आहे. तो प्रश्न वार्षिक सभेत विचारावा, पाठीमागे कुजबुजू नये. गैरवागणुकीची शंका आली तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, शेवटी मंडळीसमोर.

प्रभावी वक्तृत्वापासून विशेष सावध राहावे. येशूने परूश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली. यात्रेकरूंचा नकळत स्पर्श होऊ नये म्हणून वल्हांडण या यहुदी सणापूर्वी कबरींना चुना लावत असत, म्हणजे ऐकणाऱ्यांनी त्या कबरी त्या दिवसांत नुकत्याच पाहिल्या असतील. आपल्या भाषेतली ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण तेच सांगते.

स्थळ पाहताना

ख्रिस्ती कुटुंबांच्या विवाहविषयक जाहिरातींत आणि बायोडाटात ‘देवभीरू’ हा शब्द असतो, पण त्याच्या आधी ‘गोरी’ आणि ‘सडपातळ’ येऊन गेलेले असतात. पहिली पायरी म्हणून वर्ण आणि उंची हे रकाने आपल्या मुलाच्या व मुलीच्या बायोडाटातून काढून टाकावेत. समोरच्यांनी ते विचारले, तर त्यांच्या अपेक्षांचा क्रम आपल्याला आयताच कळतो.

उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात इसहाकासाठी वधू शोधायला निघालेल्या अब्राहामाच्या सेवकाने जी कसोटी लावली, ती आजही वापरण्यासारखी आहे. मी पाणी मागितल्यावर जी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजील ती, असे त्याने प्रार्थनेत ठरवले. त्याच्याबरोबर दहा उंट होते. लांबून आलेल्या दहा तहानलेल्या उंटांना घागरीने पाणी पाजणे म्हणजे शेकडो लीटर पाणी वाहणे, तेही अनोळखी माणसासाठी. रिबका सुंदर होती हे त्या अध्यायात लिहिलेले आहे, पण सेवकाने कसोटी लावली ती पाणी पाजण्याची. रूथच्या बाबतीतही तेच झाले: ती सद्गुणी स्त्री आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, असे बवाज म्हणाला, आणि गावाला ते तिच्या सासूशी असलेल्या वागण्यावरून ठाऊक झाले होते.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात यांतले काहीच दिसत नाही. म्हणून दोन्ही घरांनी चार-पाच भेटी वेगवेगळ्या ठिकाणी ठरवाव्यात आणि त्यांतील एक तरी अशी असावी, की जिच्यात काहीतरी काम करायचे आहे, उदाहरणार्थ मंडळीच्या आरोग्य शिबिरात एकत्र मदत करणे. मुलगा हॉटेलातील वाढप्याशी कसा बोलतो, गाडी उशिरा आली की काय करतो, स्वतःच्या बहिणीचे मत ऐकून घेतो का, हे मुलीने पाहावे. मुलीकडच्यांनी त्या घरातील आधीच्या सुनेशी एकांतात बोलावे. ती जे सांगेल त्यापेक्षा ती किती मोकळेपणाने बोलते याकडे लक्ष द्यावे. पाळकाकडून केवळ सभासदत्वाचे पत्र न घेता, या मुलाला तुम्ही स्वतःची मुलगी दिली असती का, असे विचारावे. लग्नाची घोषणा तीन रविवार चर्चमध्ये वाचण्याची जुनी रीत जेथे आहे, तेथे ती औपचारिकता म्हणून उरकू नये. आक्षेप असणाऱ्याने पुढे यावे यासाठीच ती आहे.

लहान मुले

मुले आपले बोलणे कमी आणि आपले कौतुक कोणाच्या वाट्याला जाते ते जास्त पाहतात. संडे स्कूलची बक्षिसे बहुतेक ठिकाणी पाठांतराला, हजेरीला आणि वेशभूषेला असतात. त्यांत चांगल्या वागणुकीसाठी एखादे बक्षीस जोडावे आणि ते कशासाठी हे शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीस जाहीर करू नये, नाहीतर मुले तेही वठवून दाखवतात. वर्षअखेर प्रसंग सांगून द्यावे. घरी ‘किती गोड दिसतेस’ एवढ्यावर थांबू नये आणि ‘खाऊ वाटताना तू स्वतःसाठी शेवटी ठेवलास, ते मी पाहिले’ असेही म्हणावे.

नाताळच्या नाटकात मरिया गोरीच असावी, गब्रीएल उंचच असावा आणि सावळ्या मुलाला हेरोदाचा शिपाई करावे, हा प्रकार अजून कित्येक मंडळ्यांत सुरू आहे. ज्याला रूप नव्हते, शोभा नव्हती, असे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ज्याच्याविषयी वाचतो, त्याच्या जन्माच्या नाटकात हे घडते. पात्रांची निवड चेहरे पाहून एका बैठकीत करू नये. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दोन आठवडे सगळ्या मुलांना सगळ्या भूमिका वाचू द्याव्यात, तालमीला वेळेवर कोण येते, दुसऱ्याचे वाक्य विसरले तर हसण्याऐवजी हळूच कोण सांगते आणि तालीम संपल्यावर सतरंज्या कोण उचलते, याची यादी शिक्षकांनी ठेवावी, आणि मग त्या यादीवरून भूमिका वाटाव्यात.